नाव बुडाली, मापं राहिली

 आज आम्ही तुम्हाला एका जहाजाची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपलं कोल्हापूर घाटावरचं, इथं पंचगंगा आहे, रंकाळा आहे, पण समुद्र कुठं आहे? मग जहाजाचं काय काढलं मधेच? जरा थांबा. गोष्ट विलायतेतून सुरू होते, पण येऊन थांबते ती आपल्या चुलीपाशी.

गेल्या महिन्यात गटाची बैठक आमच्यातल्या एका ताईंच्या घरी होती. बचतीचा हिशोब झाला, चहा झाला, आणि उठता उठता आमचं लक्ष कपाटावर गेलं. काचेच्या पेटीत एक लाकडी जहाज होतं. हातभर लांब, निमुळतं, एकच उंच डोलकाठी, पांढरी शिडं, आणि सुतापेक्षा बारीक दोऱ्यांचं जाळं. ताईंच्या सासऱ्यांनी ते केलेलं. आजोबांचा जन्म गेला फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उद्यमनगरात आणि शिरोलीला बिडाचं ओतकाम होतं, त्याच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, वाळूत त्याचा साचा उठतो, आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. त्या नमुन्याला म्हणतात पॅटर्न. हल्ली तो यंत्रावर होतो, पण आजोबांच्या काळात तो पटाशी आणि रंध्यानंच व्हायचा.

आम्ही विचारलं, "आजोबा, हे मालवणचं जहाज का हो?"

आजोबा हसले. "न्हाई पोरींनो. ही विलायतच्या राजाची शर्यतीची नाव. हिचं नाव ब्रिटानिया. आनि खरी नाव आता कुठंच न्हाई. नव्वद वर्सं होत आली, समुद्राच्या तळाला हाय ती."

आमच्यातली एक लगेच म्हणाली, "मग बुडालेल्या नावेचं एवढं हुबेहूब माप तुम्हाला मिळालं कुठनं?"

आजोबांनी एकच शब्द सांगितला: "कागदावरनं."

या एका शब्दानं आम्हाला विचारात पाडलं. मग आम्ही वाचलं, विचारलं, शोधलं. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

ब्रिटानिया पाण्यात उतरली 20 एप्रिल 1893 रोजी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, क्लाइड नदीवर. व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा एडवर्ड, तेव्हाचा युवराज, त्यानं ती बांधून घेतली. तिचा आराखडा काढला जॉर्ज लेनॉक्स वॉटसन नावाच्या माणसानं, आणि बांधली हेंडरसन यांच्या गोदीनं. लांबी सुमारे 121 फूट. म्हणजे आपल्या तीन एसटी गाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढी. फासळ्या पोलादाच्या, त्यावर लाकडाच्या फळ्या. इंजिन नाही. सगळा खेळ वाऱ्याचा आणि शिडाचा. आणि शीड केवढं? सगळी कापडं धरून सुमारे 10 हजार चौरस फूट. पाव एकराला थोडंसं कमी! पाव एकराचं कापड वाऱ्यावर उभं करायचं, म्हणजे ते सांभाळायला किती हात लागत असतील याचा विचार करा.

ही नाव युद्धाची नव्हती आणि मालाचीही नव्हती. ती होती शर्यतीची. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती होतात, कुस्तीचे फड होतात, तसा तो राजेलोकांचा षोक. ब्रिटानिया त्यात अव्वल. तिच्या सगळ्या आयुष्यात ती 600 हून जास्त शर्यतींत उतरली आणि त्यातल्या 231 जिंकली, अशी नोंद आहे.

यात घरची भांडणंही होती बरं. एडवर्डचा भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, जर्मनीचा बादशहा विल्हेल्म. मामाची नाव जिंकते हे भाच्याला सोसेना. त्यानं काय केलं, त्याच वॉटसनकडून नवा आराखडा काढून घेतला, त्याच हेंडरसनच्या गोदीत मामाच्या नावेपेक्षा मोठी नाव बांधून घेतली. 1896 मध्ये ती पाण्यात उतरली. पुढच्याच वर्षी मामानं ब्रिटानिया विकून टाकली. नंतर ती पुन्हा घराण्यात आली. भाऊबंदकी आपल्याच बांधावर असते असं नाही, मैत्रिणींनो.

एडवर्ड 1910 मध्ये वारला आणि त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज राजा झाला. हा राजा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मुंबईला गेलेल्या सगळ्यांनी गेटवे ऑफ इंडियापुढे उभं राहून फोटो काढलेला असतो. हा जॉर्ज आणि त्याची राणी मेरी डिसेंबर 1911 मध्ये मुंबईला उतरले, त्याची आठवण म्हणून ती कमान उभी आहे. कमान पुरी होऊन उघडली मात्र 1924 मध्ये. तर त्या राजाचा जीव या नावेवर. जानेवारी 1936 मध्ये तो वारला. आपल्यामागे ब्रिटानिया दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये, अशी त्याची इच्छा. म्हणून तिची डोलकाठी, शिडं, सामान उतरवलं, आणि जुलै 1936 मध्ये रात्रीच्या वेळी तिला ओढत नेऊन आइल ऑफ वाइट नावाच्या बेटाजवळ खोल समुद्रात बुडवलं.

आम्ही हे ऐकलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "अगं बाई, चांगली वस्तू बुडवली? कुणाला तरी दिली असती." खरं आहे. ज्या हातांनी फळी न् फळी घासली, त्या कामगारांना कुणी विचारलं नसेल. पण बघा, राजानं नाव बुडवली तरी ती संपली नाही. कारण तिचे आराखडे, मापं, फोटो, शर्यतींच्या नोंदी, सगळं कागदावर होतं. म्हणून आज जगात कुठंही, अगदी कोल्हापुरातसुद्धा, एखादा निवृत्त मिस्त्री बसून तिची प्रतिकृती करू शकतो.

प्रतिकृती कशी करतात, तेही आजोबांनी दाखवलं. समजायला सोपं आहे, कारण शिवणाच्या क्लासला वहीत छोटं ब्लाउज काढायला आपण शिकतोच. तिथं कागदावर एक इंच म्हणजे कापडावर चार इंच असं धरतो. इथं खऱ्या नावेच्या एका फुटाला पाव इंच धरायचं. म्हणजे 48 पट लहान. 121 फुटांची नाव मग साधारण 30 इंचांची होते. नियम एकच, आणि तो कडक: सगळं त्याच मापात लहान करायचं. डोलकाठी त्याच मापात, सुकाणू त्याच मापात, माणसाच्या उंचीचं दार असेल तर तेही सव्वा इंचाचं. एक जरी गोष्ट अंदाजानं मोठी केली, की नाव खेळण्यासारखी दिसायला लागते.

आधी तळाचा कणा. त्यावर फासळ्या. मग फासळ्यांवर पातळ पट्ट्या. लाकूड सरळ असतं आणि नावेची कूस गोल, म्हणून पट्टी भिजवून, ऊब देऊन वाकवावी लागते. घाई केली की मोडते. शिडासाठी जुन्या मऊ सुती धोतराचं कापड. आणि इथं आजोबांनी मान्य केलं की शिडांवरची बारीक टीप त्यांची नव्हे, सासूबाईंची आहे. आम्ही सगळ्या हसलो. पण घरी जाताना आमच्या मनात आलं, पेटीखाली नाव आजोबांचंच लिहिलंय.

आजोबा आणखी एक सांगत होते. पॅटर्न करताना तो मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना शंभराला साधारण एक भाग आकसतं. "आठवणीचंबी तसंच हाय," ते म्हणाले. "निवली की आकसती. म्हनून ऊन हाय तवरच माप घ्यावं."

आता आपल्या मातीकडे येऊ या. कोल्हापूरला समुद्र नाही असं आपण म्हणालो. पण करवीरच्या गादीला समुद्र होता! शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पुढे राज्याच्या दोन गाद्या झाल्या, सातारा आणि कोल्हापूर. 1731 च्या वारणेच्या तहानं ती वाटणी पक्की झाली. सिंधुदुर्ग आणि मालवण राहिलं कोल्हापूरकडे. म्हणजे गगनबावड्याच्या, फोंड्याच्या घाटाखाली करवीरकरांचं आरमार होतं. त्यात गुराब असायचे, मोठे, दोन-तीन डोलकाठ्यांचे, तोफा घेतलेले. आणि गलबतं असायची, त्याहून लहान, चपळ, शिडावर चालणारी आणि वारा पडला तर 40-50 वल्ह्यांनी ओढली जाणारी.

1760 मध्ये छत्रपती संभाजीराजे, म्हणजे ताराबाईंचे सावत्र चिरंजीव, वारले. त्यानंतर करवीरचा कारभार हाती घेतला त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी. या जिजाबाई म्हणजे शिवरायांच्या मातोश्री नव्हेत, त्यांच्या नंतरच्या. दत्तक मुलाच्या नावानं त्यांनी 1773 पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, राज्य राखलं. त्यांच्याच काळात, 1765 मध्ये, मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून सिंधुदुर्ग घेतला. त्याला त्यांनी फोर्ट ऑगस्टस असं आपलं नावही देऊन टाकलं. पण पुढच्याच वर्षी, 1766 मध्ये, तह झाला, रक्कम ठरली आणि किल्ला पुन्हा करवीरकडे आला. घाटावर बसलेली एक विधवा राणी समुद्रावरचा किल्ला परत मिळवते! ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितली का? आम्हाला तरी नाही. पुढे 1812 च्या तहानं मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि करवीरचा समुद्र संपला.

आता विचार करा. आजोबांना आम्ही म्हणालो, "जिजाबाईंच्या आरमारातलं एखादं गलबत करा की." आजोबा गप्प झाले. म्हणाले, "कशावरनं करू? माप कुठं हाय?" आपल्याकडे नाव बांधणारा सुतार कागदावर आराखडा काढत नसे. ज्ञान त्याच्या हातात, डोळ्यात. बापानं मुलाला दाखवायचं, मुलानं त्याच्या मुलाला. कोकणच्या किनाऱ्यावर होड्या अशाच बांधल्या गेल्या. काम उत्तम, त्यात शंका नाही. पण सुतार गेला की त्याच्याबरोबर नावही जाते. राजाच्या षोकाच्या नावेचं इंच न् इंच माप मिळतं, आणि आपलं राज्य राखणाऱ्या गलबतासाठी जुनी चित्रं आणि वर्णनं घेऊन अंदाज बांधावा लागतो.

आपले कारागीर कमी होते म्हणून असं झालं, असं कुणी समजू नये. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी मिस्त्री सागवानाची जहाजं बांधत होते. या घराण्यातले लवजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्याच वंशातल्या जमशेटजी बमनजींनी इंग्रजी आरमारासाठी बांधलेली त्रिंकोमाली नावाची युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरली. आज 200 वर्षं उलटून गेली, ती अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी तरंगते आहे. मलबारच्या सागवानाची आणि मुंबईच्या कारागिरांच्या हातांची ती करामत.

या नौकेचीही एक गोष्ट आहे. तिचे आराखडे विलायतेहून जावा नावाच्या जहाजातून निघाले. वाटेत, 1812 च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या युद्धनौकेनं ते जहाज गाठलं आणि लढाईत ते नष्ट झालं. आराखडे गेले. पण इंग्रजांनी दुसरी नक्कल पाठवली, आणि काम झालं. म्हणजे नुसतं लिहून भागत नाही. एक प्रत दुसऱ्या घरी पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरची, आणि ती तर आपण सगळ्यांनी गाठीला बांधावी अशी. ब्रिटानियाचा मालक एडवर्ड 1901 मध्ये राजा झाला, आणि 1902 मध्ये त्याच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्याला आपले शाहू महाराज विलायतेला गेले होते. सोहळा होता 26 जूनला. दोन दिवस आधी राजाच्या पोटाचं, अपेंडिक्सचं, ऑपरेशन करावं लागलं आणि सगळं पुढं ढकललं, ते 9 ऑगस्टवर गेलं. जुलैच्या मध्यापासून राजा आपल्या दुसऱ्या, वाफेवर चालणाऱ्या शाही नौकेवर समुद्राची हवा खात विश्रांती घेत होता. आणि त्याच दिवसांत, 26 जुलै 1902 रोजी, इकडे करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये शाहू महाराजांचा हुकूम छापून आला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. महाराज सातासमुद्रापलीकडे होते, पण हुकूम कागदावर उतरला होता, छापला होता, तारखेसह. महाराज नुसतं तोंडी म्हणाले असते, "आपल्या लोकांना नोकऱ्या द्या," तर ते शब्द कधीच वाऱ्यावर गेले असते. लिहिलं, म्हणून आज सव्वाशे वर्षं होत आली तरी त्याचा दाखला देता येतो.

आता येऊ या आपल्या चुलीपाशी.

आमच्या वाडीत एक आजी होत्या. त्यांच्या हातची चूल पंचक्रोशीत प्रसिद्ध. चूल आणि शेजारी वैल, अशी घालायच्या की पुढं भाकरी आणि वैलावर कोरड्यास एकदमच व्हायचं. लाकूड कमी लागायचं आणि धूर डोळ्यात जायचा नाही. लेकी-सुना माहेराहून बोलावणं पाठवायच्या, "आजीला चूल घालायला धाडा." माती कुठल्या बांधाची, भाताचं तूस किती, शेण किती, किती दिवस मुरवायचं, तोंड किती वीत, वैलाकडे जाणारं भोक किती बोटं, सगळं त्यांच्या हातात होतं. आम्ही दहा वर्षं म्हणत होतो, एकदा बसून शिकून घेऊ. मागच्या पावसाळ्यात आजी गेल्या. दिवाळीला आम्ही तिघींनी मिळून तशी चूल घालायचा प्रयत्न केला. वाळताना ती तडकली. दुसरी घातली, तिचा धूर घरभर. आजीची चूल एका घरात अजून शिल्लक आहे. परवा आम्ही टेप घेऊन गेलो आणि तिचं माप घेतलं. पण मातीचं प्रमाण? ते कुणाला विचारायचं?

म्हणून ही जहाजाची गोष्ट आम्हाला इतकी लागली.

आपलं ज्ञान कागदावर नसलं की काय होतं, ते कोल्हापूरनं अलीकडेच पाहिलं. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी पायताणं फॅशनच्या मंचावर मिरवली, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. आरडाओरडा झाला, आणि मग त्यांना कबूल करावं लागलं की ही प्रेरणा इथली. आपल्याला तसं ठामपणे म्हणता आलं, त्याचं एक कारण म्हणजे 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून त्याची कागदोपत्री नोंद होती. चपलेची वेणी घालणाऱ्या कितीतरी घरांतल्या बाया आहेत. त्यांची नावं मात्र अजून कुठं लिहिलेली नाहीत.

तर मैत्रिणींनो, आमच्या गटानं एक ठरवलं आहे. बचतीच्या वहीसारखीच दुसरी एक वही केली आहे. तिला आम्ही मापाची वही म्हणतो. महिन्याला एकच गोष्ट लिहायची. या महिन्यात बिब्ब्याचं तेल काढायची रीत, पुढच्या महिन्यात गोधडीचे टाके, मग कुणाच्या तरी सासूबाईंची बियाणं राखायची पद्धत. वस्तूचं नाव आपल्या बोलीत. माप वितीत असेल तर वितीत लिहायचं, पण ती वीत कुणाची, हे पाहून टेपनं इंचही शेजारी लिहायचे. साहित्य किती आणि कुठलं. कामाचा क्रम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठं चुकतं, तेही. वस्तूचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. आणि सगळ्यात शेवटी, पण न विसरता, जिच्याकडून शिकलो तिचं पूर्ण नाव, तिला विचारून, आणि तारीख. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातवाला बसवा. तेवढंच पोरांना आजीजवळ बसायचं निमित्त. आणि त्रिंकोमालीची आठवण ठेवा: वहीची एक नक्कल दुसऱ्या घरी.

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा ताईंच्या घरी गेलो. आजोबा कोकणातल्या एका ओळखीच्या सुताराकडे जाणार आहेत, वय झालंय त्याचं, पण होडी अजून बांधतो. आजोबा टेप आणि चौकटीच्या कागदाची वही घेऊन जाणार, होडीचं माप घेऊन येणार. ते म्हणाले, "जिजाबाईंचं गलबत न्हाई जमलं, निदान ह्या म्हाताऱ्याची होडी तरी कागदावर येऊ दे."

आणि काचेच्या पेटीखालची चिठ्ठी बदललेली होती. आता तिथं दोन नावं आहेत. लाकूडकाम आजोबांचं, शिडं सासूबाईंची.

तुमच्या वहीतलं पहिलं पान काय असेल, ते पुढच्या बैठकीत ठरवा. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आधी. बाकीचं मागाहून.